आंतरराष्ट्रीय सत्ता आणि ज्यू राष्ट्राची निर्मिती (१९१७–१९४९) : वचन, मान्यता आणि जबाबदारी

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या राजकीय इतिहासात ज्या घटनांचे पडसाद आजही आंतरराष्ट्रीय राजकारणात उमटत आहेत, त्यांमध्ये १४ मे १९४८ रोजी झालेली इस्रायल या ज्यू राष्ट्राची स्थापना ही एक प्रमुख घटना होय. राज्यशास्त्र व इतिहास या विषयांच्या अध्यापनात या घटनेची साधारणतः दोन प्रकारे मीमांसा केली जाते. पहिल्या मतानुसार इस्रायल ही ब्रिटिश साम्राज्यवादाची निर्मिती आहे. दुसऱ्या मतानुसार नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या वंशसंहाराची जगाने केलेली भरपाई म्हणजे इस्रायल होय. दोन्ही मतांत सत्याचा काही अंश आहे. परंतु कोणतेही एक मत संपूर्ण घटनाक्रम उलगडून दाखवू शकत नाही. ब्रिटनने १९१७ मध्ये वचन दिले हे खरे, परंतु त्याच ब्रिटनने १९३९ मध्ये ज्यूंच्या आगमनावर कठोर निर्बंध घातले आणि १९४७ मध्ये फाळणीच्या ठरावावर मतदान करण्याचे टाळले. वंशसंहाराने जगाची सहानुभूती जागी केली हेही खरे, परंतु ज्यू वसाहतीच्या राजकीय, आर्थिक व लष्करी संस्था दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आकारास आल्या होत्या.

प्रस्तुत लेखात १९१७ ते १९४९ या कालखंडातील ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ, राष्ट्रसंघ व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या भूमिकांचे विवेचन केले आहे. या प्रश्नाशी भारताचा आलेला संबंधही तपासला आहे. बड्या सत्तांनी ज्यू राष्ट्राला टप्प्याटप्प्याने वचन, कायदेशीर अधिष्ठान, मान्यता व काही प्रमाणात साधने दिली. परंतु आपल्याच निर्णयांची अंमलबजावणी करण्याची व त्यांचे परिणाम निस्तरण्याची जबाबदारी त्यांपैकी एकीनेही स्वीकारली नाही, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

पार्श्वभूमी : चळवळीला सत्तेचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात, विशेषतः झारशाही रशियात, ज्यूंवर वारंवार अत्याचार झाले. फ्रान्ससारख्या प्रगत देशातही ड्रायफस प्रकरणाने ज्यूद्वेषाची खोली उघड केली. या पार्श्वभूमीवर व्हिएन्नातील पत्रकार थिओडोर हर्झल यांनी १८९६ मध्ये ज्यू राष्ट्राची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. ऑगस्ट १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली पहिली झायोनवादी परिषद भरली. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी सार्वजनिक कायद्याने सुरक्षित केलेले निवासस्थान मिळविणे हे तिने आपले ध्येय ठरविले.

या ध्येयातील ‘सार्वजनिक कायद्याने’ या शब्दांचा अर्थ मोठा आहे. केवळ वसाहती उभारून राष्ट्र उभे राहणार नाही, त्यासाठी एखाद्या बड्या सत्तेची हमी हवी, हे हर्झल यांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांनी १८९८ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याची व १९०१ मध्ये तुर्की सुलतान दुसरा अब्दुल हमीद याची भेट घेतली. १९०३ मध्ये ब्रिटनने पूर्व आफ्रिकेतील भूप्रदेश देऊ केला. ‘युगांडा योजना’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रस्ताव हर्झल यांच्या मृत्यूनंतर १९०५ च्या परिषदेने फेटाळला. त्या वेळी पॅलेस्टाइन हा ऑटोमन साम्राज्याचा भाग होता व तेथील बहुसंख्य रहिवासी अरब होते. हे साम्राज्य कोसळेपर्यंत झायोनवादी चळवळीला हमी देणारी सत्ता सापडली नाही.

पहिले महायुद्ध आणि परस्परविरोधी वचने

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने एकाच भूप्रदेशासंबंधी तीन वेगवेगळ्या पक्षांना तीन प्रकारची आश्वासने दिली. जुलै १९१५ ते मार्च १९१६ या काळात ईजिप्तमधील ब्रिटिश उच्चायुक्त सर हेन्री मॅकमहोन व मक्केचे शरीफ हुसेन यांच्यात पत्रव्यवहार झाला. तुर्कांविरुद्ध उठाव करण्याच्या मोबदल्यात अरबांच्या स्वातंत्र्यास पाठिंबा देण्याचे त्यात कबूल करण्यात आले. दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो या जिल्ह्यांच्या पश्चिमेकडील प्रदेश वगळण्याचे त्यात नमूद होते. या वगळलेल्या प्रदेशात पॅलेस्टाइन येते किंवा नाही, हा वाद पुढे अनेक दशके चालू राहिला. मे १९१६ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी साइक्स-पिको या गुप्त कराराने अरब प्रदेशांची आपापसांत वाटणी केली. त्यात पॅलेस्टाइनच्या बहुतांश भागावर आंतरराष्ट्रीय प्रशासन योजिले होते. रशियात क्रांती झाल्यानंतर बोल्शेव्हिकांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये हा करार जगजाहीर केला.

त्याच महिन्यात, २ नोव्हेंबर १९१७ रोजी, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पाठविलेल्या पत्रातून तिसरे आश्वासन दिले. हीच बाल्फोर घोषणा होय. मूळ इंग्रजीत अवघ्या ६७ शब्दांच्या या घोषणेत पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी ‘राष्ट्रीय निवासस्थान’ स्थापण्यास ब्रिटिश सरकार अनुकूल असल्याचे म्हटले होते. ‘राज्य’ हा शब्द त्यात नव्हता. तेथील बहुसंख्य अरबांचा उल्लेख ज्यूंखेरीज अन्य समुदाय असा नकारात्मक पद्धतीने केलेला होता. त्यांचे नागरी व धार्मिक हक्क अबाधित राहतील असे म्हटले होते. राजकीय हक्कांचा उल्लेख मात्र नव्हता. पुढील तीन दशकांच्या संघर्षाचे बीज या शब्दयोजनेत आहे.

घोषणेमागील हेतू संमिश्र होते. सुएझ कालव्याचे व पर्यायाने हिंदुस्थानकडे जाणाऱ्या मार्गाचे संरक्षण करणे, पॅलेस्टाइनमध्ये फ्रान्सच्या प्रभावाला आळा घालणे आणि अमेरिका व रशियातील ज्यू जनमत दोस्त राष्ट्रांकडे वळविणे, हे त्यांतील प्रमुख हेतू होत. चैम वाइझमन यांनी केलेले अथक प्रयत्नही दुर्लक्षिता येत नाहीत. ब्रिटनने ही घोषणा एकाकीपणे केली नव्हती. फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यातील ज्यूल काँबाँ यांनी ४ जून १९१७ रोजीच नाहूम सोकोलोव यांना सहानुभूतीचे पत्र दिले होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांची संमती ब्रिटनने आधीच मिळविली होती. घोषणेला सर्वांत तीव्र विरोध करणारे ब्रिटिश मंत्री स्वतः ज्यू होते. भारतीय वाचकांना १९१९ च्या सुधारणा कायद्यामुळे परिचित असलेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांना भीती वाटत होती की, ज्यूंचे वेगळे राष्ट्र मान्य केल्यास निरनिराळ्या देशांतील ज्यू आपापल्याच देशात परके ठरतील. त्यांचा विरोध डावलण्यात आला.

मॅन्डेट : वचनाचे कायद्यात रूपांतर

युद्धकालीन आश्वासनाला कायदेशीर अधिष्ठान मिळाले ते राष्ट्रसंघामुळे. एप्रिल १९२० च्या सान रेमो परिषदेत पॅलेस्टाइनचा मॅन्डेट ब्रिटनकडे सोपविण्याचे ठरले. राष्ट्रसंघाच्या परिषदेने २४ जुलै १९२२ रोजी त्यास मंजुरी दिली व २९ सप्टेंबर १९२३ पासून तो औपचारिकरीत्या अमलात आला. बाल्फोर घोषणेचा आशय मॅन्डेटच्या मसुद्यातच समाविष्ट करण्यात आला. दुसऱ्या कलमानुसार राष्ट्रीय निवासस्थानास पोषक परिस्थिती निर्माण करणे हे ब्रिटनचे कर्तव्य ठरले, तर चौथ्या कलमाने प्रशासनाला सल्ला व सहकार्य देण्यासाठी एका ज्यू संस्थेस मान्यता दिली. पंचविसाव्या कलमाच्या आधारे जॉर्डन नदीच्या पूर्वेकडील प्रदेश राष्ट्रीय निवासस्थानाच्या तरतुदींतून वगळण्यात आला.

येथे अमेरिकेच्या भूमिकेतील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. लोकांच्या स्वयंनिर्णयाचा पुरस्कार करणाऱ्या विल्सन यांनी १९१९ मध्ये किंग-क्रेन आयोग पाठविला. आयोगाला स्थानिक अरबांचा तीव्र विरोध आढळला व त्याने झायोनवादी कार्यक्रमात मोठी कपात सुचविली. परंतु हा अहवाल १९२२ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय निवासस्थानास पाठिंबा देणारा संयुक्त ठराव मंजूर केला.

१९२२ च्या जनगणनेनुसार पॅलेस्टाइनची लोकसंख्या सुमारे ७ लाख ५७ हजार होती व त्यात ज्यूंचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. १९३१ मध्ये हे प्रमाण सुमारे १७ टक्के झाले. संख्येपेक्षाही संस्थात्मक बांधणी अधिक निर्णायक ठरली. १९२० मध्ये हिस्ताद्रुत ही कामगार संघटना व हगाना हे स्वसंरक्षण दल स्थापन झाले. १९२५ मध्ये जेरुसलेम येथे हिब्रू विद्यापीठ सुरू झाले. १९२९ मध्ये ज्यू एजन्सीचा विस्तार झाला. परिणामी मॅन्डेटच्या छत्राखाली ज्यू समाजाकडे करवसुली, शिक्षण, आरोग्य, वसाहत व संरक्षण यांची जवळजवळ स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. अरबांना अशी मान्यताप्राप्त संस्था मॅन्डेटने दिली नाही. प्रस्तावित विधिमंडळात सहभागी होणे म्हणजे बाल्फोर धोरण मान्य करणे, अशी भूमिका घेऊन अरब नेत्यांनीही त्यावर बहिष्कार टाकला. एकाच प्रशासनाखाली एका समाजाजवळ राज्याचा सांगाडा तयार होत होता आणि दुसऱ्या समाजाजवळ केवळ निषेधाचे अर्ज उरत होते.

बंद दरवाजे आणि १९३९ ची श्वेतपत्रिका

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर स्थलांतराचे स्वरूप बदलले. १९३५ या एकाच वर्षी सुमारे ६२ हजार ज्यू पॅलेस्टाइनमध्ये आले. यामागे केवळ झायोनवादाची प्रेरणा नव्हती, तर अन्य देशांचे दरवाजे बंद असणे हेही तितकेच महत्त्वाचे कारण होते. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने पूर्व व दक्षिण युरोपातून होणारे स्थलांतर जवळजवळ थांबविले होते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांची परिषद निर्वासितांच्या प्रश्नावर भरली. तेथे सहानुभूतीचे शब्द पुष्कळ उच्चारले गेले. परंतु डोमिनिकन प्रजासत्ताकाखेरीज एकाही देशाने लक्षणीय संख्येने निर्वासित स्वीकारण्याची तयारी दाखविली नाही. ब्रिटनच्या आग्रहामुळे पॅलेस्टाइनचा प्रश्न चर्चेबाहेर ठेवण्यात आला. आपल्या सीमा बंद ठेवणाऱ्या या राष्ट्रांनी निर्वासितांचा भार अप्रत्यक्षपणे एका लहानशा अरब प्रदेशावर टाकला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

वाढत्या स्थलांतराविरुद्ध १९३६ मध्ये अरबांचा उठाव सुरू झाला व तो १९३९ पर्यंत चालला. जुलै १९३७ मध्ये पील आयोगाने मॅन्डेट अव्यवहार्य ठरल्याचे मान्य करून प्रथमच फाळणीची शिफारस केली. झायोनवादी नेतृत्वाने फाळणीचे तत्त्व वाटाघाटीचा आधार म्हणून स्वीकारले, तर अरब नेतृत्वाने ते फेटाळले. ब्रिटिशांनी अरब उच्च समितीवर बंदी घालून तिच्या काही नेत्यांना सेशेल्स बेटांवर हद्दपार केले व उठाव बळाने मोडून काढला. अरब समाजाच्या नेतृत्वाची व लढाऊ शक्तीची त्या वेळी झालेली हानी १९४८ पर्यंत भरून निघाली नाही.

महायुद्ध जवळ येताच ब्रिटनला अरब राष्ट्रांच्या सदिच्छेची व तेलाची गरज भासू लागली. मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेने पुढील पाच वर्षांत ७५ हजार ज्यूंनाच प्रवेश देण्याचे, त्यानंतरचे स्थलांतर अरबांच्या संमतीवर अवलंबून ठेवण्याचे आणि दहा वर्षांच्या आत स्वतंत्र पॅलेस्टाइन राज्य स्थापण्याचे जाहीर केले. युरोपातील ज्यूंवर सर्वांत मोठे संकट कोसळत असतानाच आश्रयाचा हा मार्ग अरुंद करण्यात आला. या महायुद्धात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली.

दुसरे महायुद्ध आणि ब्रिटनची माघार

युद्धकाळात झायोनवादी चळवळीने आपला मुख्य आधार लंडनहून अमेरिकेत हलविला. मे १९४२ मध्ये न्यू यॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात झालेल्या परिषदेत स्वतंत्र ज्यू राज्यव्यवस्थेची उघड मागणी करण्यात आली. युद्ध संपल्यानंतर जर्मनी, ऑस्ट्रिया व इटली येथील छावण्यांत मोठ्या संख्येने ज्यू विस्थापित अडकून पडले. १९४७ पर्यंत ही संख्या सुमारे अडीच लाखांवर गेली. अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १ लाख विस्थापितांना पॅलेस्टाइनमध्ये प्रवेश देण्याची मागणी केली व १९४६ च्या अँग्लो-अमेरिकन समितीनेही तीच शिफारस केली. मात्र या शिफारशीच्या अंमलबजावणीसाठी सैन्य पाठविण्यास अमेरिका तयार नव्हती.

ब्रिटनची अवस्था बिकट होती. युद्धाने अर्थव्यवस्था खिळखिळी झाली होती व अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले होते. पॅलेस्टाइनमध्ये सुमारे १ लाख सैनिक गुंतले होते. २२ जुलै १९४६ रोजी इर्गुन या ज्यू सशस्त्र संघटनेने जेरुसलेममधील किंग डेव्हिड हॉटेलात घडविलेल्या स्फोटात ९१ व्यक्ती ठार झाल्या. अखेर १८ फेब्रुवारी १९४७ रोजी परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे सोपविण्याचे जाहीर केले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २० फेब्रुवारी १९४७ रोजी, पंतप्रधान ॲटली यांनी हिंदुस्थान सोडण्याची मुदत जाहीर केली. दोन्ही निर्णयांमागे साम्राज्याचा भार पेलण्याची संपत चाललेली क्षमता हेच कारण होते. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘एक्सोडस’ या जहाजातील सुमारे साडेचार हजार ज्यू निर्वासितांना ब्रिटनने परत पाठविले व अखेरीस त्यांना जर्मनीत उतरविले. या प्रसंगाने ब्रिटनची नैतिक बाजू अधिकच दुबळी झाली.

संयुक्त राष्ट्रसंघ आणि फाळणीचा ठराव

मे १९४७ मध्ये आमसभेने ११ सदस्य राष्ट्रांची विशेष समिती नेमली. बड्या सत्तांना तिच्यातून हेतुपुरस्सर वगळण्यात आले होते. भारताचे प्रतिनिधित्व लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान यांनी केले. अरब उच्च समितीने या समितीवर बहिष्कार टाकला. मॅन्डेट संपुष्टात आणावा याबाबत समितीत एकमत झाले; पुढील व्यवस्थेबाबत मात्र मतभेद राहिले. सात सदस्यांनी आर्थिक ऐक्यासह फाळणीची, तर भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी संघराज्याची शिफारस केली. ऑस्ट्रेलिया तटस्थ राहिला.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव क्रमांक १८१ मंजूर केला. १० राष्ट्रे तटस्थ राहिली. ज्यूंची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश व त्यांच्या मालकीची जमीन सुमारे ७ टक्के असताना प्रस्तावित ज्यू राज्यास सुमारे ५५ टक्के भूभाग देण्यात आला. त्यात नेगेवच्या वाळवंटाचा मोठा भाग होता. जेरुसलेम आंतरराष्ट्रीय प्रशासनाखाली राहणार होते. समितीच्या अंदाजानुसार तिने सुचविलेल्या ज्यू राज्यात सुमारे ४ लाख ९८ हजार ज्यू व ४ लाख ७ हजार अरब राहणार होते. याचाच अर्थ, ज्यू राज्यातही अरबांचे प्रमाण अत्यंत मोठे राहणार होते. अरब राष्ट्रांनी हा ठराव अन्यायकारक म्हणून नाकारला, तर ज्यू एजन्सीने तो स्वीकारला. मतदानापूर्वी फिलिपाइन्स, हैती व लायबेरिया यांच्यावर आलेल्या अमेरिकी दबावाची नोंद इतिहासकारांनी घेतली आहे.

या मतदानात अमेरिका व सोव्हिएत संघ एकाच बाजूला उभे राहिले. शीतयुद्धाच्या आरंभी ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल. १४ मे १९४७ रोजी आंद्रेई ग्रोमिको यांनी ज्यूंच्या यातनांचा उल्लेख करून, अरब-ज्यू संयुक्त राज्य शक्य नसल्यास फाळणीचा विचार करावा, अशी भूमिका मांडली होती. झायोनवादाला विचारसरणी म्हणून विरोध करणाऱ्या सोव्हिएत संघाचा यामागील मुख्य हेतू ब्रिटनला पश्चिम आशियातून बाहेर काढणे हा होता.

या ठरावातील सर्वांत मोठी उणीव त्याच्या अंमलबजावणीत होती. आमसभेचा ठराव ही शिफारस होती. त्यामागे सैन्यबळ नव्हते. दोन्ही पक्षांना मान्य नसलेल्या योजनेची अंमलबजावणी करण्यास ब्रिटनने नकार दिला व संयुक्त राष्ट्रसंघाच्या पॅलेस्टाइन आयोगालाही पुरेसे सहकार्य केले नाही. सुरक्षा परिषदेने ही जबाबदारी स्वीकारली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने नकाशा आखला. तो जमिनीवर उतरविण्याचे काम मात्र शस्त्रांवर सोपविले गेले.

युद्ध, शस्त्रे आणि मान्यता

ठरावाच्या दुसऱ्याच दिवसापासून पॅलेस्टाइनमध्ये यादवी सुरू झाली. अमेरिकेने ५ डिसेंबर १९४७ रोजी या प्रदेशात शस्त्रे पाठविण्यास बंदी घातली. १९ मार्च १९४८ रोजी अमेरिकी प्रतिनिधी वॉरन ऑस्टिन यांनी सुरक्षा परिषदेत फाळणीऐवजी तात्पुरत्या विश्वस्त व्यवस्थेचा प्रस्ताव मांडला. ज्या राष्ट्राने चार महिन्यांपूर्वी फाळणीसाठी मते गोळा केली, तेच आता तिच्यापासून दूर जात होते. याउलट, सोव्हिएत संमतीने चेकोस्लोव्हाकियाने ज्यू सैन्याला बंदुका, मशीनगन व पुढे लढाऊ विमानेही विकली. सुरक्षा परिषदेने मे १९४८ च्या अखेरीस सर्व पक्षांना शस्त्रबंदी लागू केल्यानंतरही हा पुरवठा चालू राहिला.

एप्रिल १९४८ पासून हगानाने आक्रमक धोरण स्वीकारले. ९ एप्रिल रोजी दैर यासिन येथे इर्गुन व लेही या संघटनांनी केलेल्या हत्याकांडाने अरब लोकसंख्येत भीती पसरली. त्यानंतर चारच दिवसांनी हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ज्यू वाहनताफ्यावर झालेल्या हल्ल्यात डॉक्टर व परिचारिकांसह ७० हून अधिक व्यक्ती ठार झाल्या. १४ मे रोजी तेल अवीव येथे डेव्हिड बेन-गुरियन यांनी इस्रायलच्या स्थापनेची घोषणा केली. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांचा विरोध डावलून ट्रुमन यांनी मॅन्डेट संपताच अवघ्या ११ मिनिटांत नव्या राष्ट्रास व्यावहारिक मान्यता दिली. सोव्हिएत संघाने १७ मे रोजी पूर्ण वैधानिक मान्यता दिली. अमेरिकेची वैधानिक मान्यता ३१ जानेवारी १९४९ रोजी मिळाली. अमेरिकेने मान्यता दिली पण शस्त्रे दिली नाहीत, तर सोव्हिएत गटाने दोन्ही दिले.

१५ मे रोजी ईजिप्त, ट्रान्सजॉर्डन, सीरिया, इराक व लेबनॉन यांची सैन्ये युद्धात उतरली. त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. ट्रान्सजॉर्डनचे राजे अब्दुल्ला यांचे लक्ष पॅलेस्टाइनचा अरब भाग आपल्या राज्यास जोडण्याकडे होते, तर ईजिप्तला त्यांच्या विस्ताराची धास्ती होती. ज्यांच्या नावाने युद्ध झाले, त्या पॅलेस्टिनी अरबांच्या राज्याला शेजारी अरब सत्तांनीही प्राधान्य दिले नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांची १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये लेहीच्या सदस्यांनी हत्या केली. फेब्रुवारी ते जुलै १९४९ या काळात इस्रायलने ईजिप्त, लेबनॉन, जॉर्डन व सीरिया यांच्याशी युद्धविराम करार केले, तेव्हा मॅन्डेटच्या प्रदेशापैकी सुमारे ७८ टक्के भाग इस्रायलच्या ताब्यात होता. पश्चिम किनारा जॉर्डनकडे व गाझा पट्टी ईजिप्तकडे गेली. सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले. त्यांच्या परतीची वा भरपाईची तरतूद करणारा आमसभेचा ठराव क्रमांक १९४ हा ११ डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झाला. तो कागदावरच राहिला. ११ मे १९४९ रोजी इस्रायलला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले.

भारताची भूमिका

भारताची भूमिका या सत्तांच्या भूमिकांपेक्षा वेगळी होती. महात्मा गांधींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मधील लेखात ज्यूंविषयी सहानुभूती व्यक्त करूनही पॅलेस्टाइन अरबांवर लादलेले ज्यू राष्ट्र अमान्य केले होते. धर्माच्या आधारावरील फाळणीचा अनुभव ताजा असताना भारताने संघराज्याचा पर्याय मांडला, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीविरुद्ध मत दिले आणि १९४९ मध्ये इस्रायलच्या सदस्यत्वासही विरोध केला. मात्र वस्तुस्थिती स्वीकारून १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली. १९५३ मध्ये मुंबईत इस्रायलचे वाणिज्य दूतावास कार्यालय सुरू झाले. पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायली समाजामुळे. भारतात धर्मच्छळ न अनुभवलेल्या या समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतरच्या दशकांत इस्रायलला गेली. विवाहविषयक धार्मिक समानतेसाठी त्यांना तेथे १९६४ पर्यंत संघर्ष करावा लागला. राष्ट्राची स्थापना व त्या राष्ट्रात समान स्थान मिळणे या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत, हे या उदाहरणावरून दिसून येते.

निष्कर्ष

१) इस्रायलची निर्मिती कोणत्याही एका सत्तेने केली नाही. ब्रिटनने वचन दिले, राष्ट्रसंघाने त्यास कायदेशीर रूप दिले, संयुक्त राष्ट्रसंघाने फाळणीस मान्यता दिली, अमेरिकेने राजकीय मान्यता दिली व सोव्हिएत गटाने शस्त्रे पुरविली. १९४७–४८ या अल्पकाळात या सत्तांचे भिन्न हितसंबंध एका बिंदूवर येऊन मिळाले.

२) या संधीचा लाभ घेऊ शकेल अशी संस्थात्मक यंत्रणा ज्यू समाजाने मॅन्डेटच्या काळात उभारली होती. बाह्य पाठिंबा व अंतर्गत बांधणी यांपैकी केवळ एकाच घटकाने राष्ट्र उभे राहिले नसते.

३) वंशसंहार हे राष्ट्रनिर्मितीचे एकमेव कारण नव्हते, परंतु विस्थापितांना आश्रय देण्यास बड्या राष्ट्रांनी दिलेल्या नकारामुळे पॅलेस्टाइन हाच एकमेव पर्याय ठरत गेला.

४) प्रत्येक सत्तेने निर्णय घेतला, पण त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी टाळली. ठराव १८१ मधील दोन राज्यांपैकी एक अस्तित्वात आले, दुसरे आले नाही. जेरुसलेमची आंतरराष्ट्रीय व्यवस्था व निर्वासितांचा प्रश्नही अनिर्णित राहिले.

ही अपूर्णता केवळ ऐतिहासिक नाही. बाल्फोर घोषणा करणाऱ्या ब्रिटनने पॅलेस्टाइन राज्यास औपचारिक मान्यता दिली ती २१ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे घोषणेनंतर जवळजवळ १०८ वर्षांनी. तोपर्यंत गाझामधील युद्धाला दोन वर्षे पूर्ण होत आली होती. मान्यता ही राज्याच्या अस्तित्वाला बळ देते, परंतु सीमा, सुरक्षितता व निर्वासितांचे हक्क यांची हमी ती आपोआप देत नाही, हेच १९४८ प्रमाणे २०२५ मध्येही दिसून आले. या विषयाचे अध्यापन करताना कोणत्या सत्तेने कोणाची बाजू घेतली, या प्रश्नाबरोबरच आपल्या निर्णयाच्या परिणामांची जबाबदारी कोणी घेतली, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.